इशारे उदंड, छाननी कोण करणार?

३१ जुलै २०२४ रोजी देशातील सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार एकाएकी थांबले. या बँका मुख्यतः सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण होत्या. एकट्या गुजरातेतील १७ जिल्हा सहकारी बँका त्यांत असल्याचे सहकार क्षेत्रातील नेत्यांनी तेव्हा सांगितले होते. या बँकांना संगणकीय सेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा, म्हणजे रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याची शक्यता दिसताच नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिला देशाच्या किरकोळ देयक व्यवस्थेपासून तोडून टाकले. सी-एज ही कोणी किरकोळ कंपनी नव्हे. स्टेट बँक आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांचा तो संयुक्त उपक्रम आहे. देशातील एकूण व्यवहारांत या बँकांचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असल्याने महानगरांत या घटनेची फारशी झळ पोहोचली नाही. दुसऱ्या दिवशी सेवा सुरू झाल्या आणि बातमीही मागे पडली.

या घटनेचा जो तपशील नंतर पुढे आला, त्याची चर्चा मात्र व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. क्लाउडसेक या भारतीय सायबर सुरक्षा कंपनीच्या विश्लेषणानुसार हल्लेखोर थेट सी-एजमध्ये शिरले नव्हते. तिच्यासोबत काम करणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीच्या सर्व्हरवर ‘जेन्किन्स’ ही प्रणाली चालत होती आणि तिची मांडणी सदोष राहिली होती. शिरकाव तेथून झाला. जेन्किन्स हे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांच्या रोजच्या वापरातील मोफत साधन आहे. लिहिलेला कोड जुळवणे, तपासणे, पुढे पाठवणे ही कामे ते आपोआप करते. त्यातील एका त्रुटीमुळे पासवर्डशिवायही बाहेरच्या व्यक्तीला सर्व्हरवरील फायलींतील काही मजकूर वाचता येत असे. ही त्रुटी २४ जानेवारी २०२४ रोजी जाहीर झाली होती, तिच्यावरचा उपायही त्याच दिवशी उपलब्ध झाला होता आणि तीव्रतेच्या मोजपट्टीवर तिला १० पैकी ९.८ गुण मिळाले होते. त्यानंतर काही दिवसांतच तिचा गैरवापर कसा करावा, याचे नमुनेही इंटरनेटवर फिरू लागले. तेथपासून या ३०० बँकांची सेवा बंद पडेपर्यंत १८९ दिवस गेले.

इशारा वेळेवर मिळाला नाही, असे येथे म्हणता येणार नाही. तो मिळाला होता, जगभर सर्वांना मिळाला होता. तो वाचून ‘हे आपल्याकडे आहे, आणि आज दुसरे काहीही करण्याआधी हेच करायचे’ असे ठरवणारी व्यवस्था त्या ठिकाणी नव्हती. आपल्या देशातील सायबर सुरक्षेची चर्चा हल्लेखोर कोणत्या देशाचे, खंडणी किती मागितली, माहिती किती चोरीला गेली, या प्रश्नांभोवती फिरत राहते. माझ्या मते आजचा खरा तुटवडा छाननीचा आहे. रोज येणाऱ्या शेकडो इशाऱ्यांमधून आजचे चार निवडणारी माणसे, त्यांना लागणारी माहिती आणि निर्णय अमलात आणण्याचा अधिकार या तिन्ही गोष्टींची आपल्याकडे वानवा आहे.

इशाऱ्यांची संख्या किती, हे आधी पाहू. जगात कोठेही सॉफ्टवेअरमधील सुरक्षात्रुटी सापडली की तिला एक सामाईक क्रमांक दिला जातो. ‘सीव्हीई’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत १९९९ पासून चालू आहे आणि अमेरिकी सरकारच्या निधीतून मायटर ही संस्था ती सांभाळते. २०१६ मध्ये असे सहा हजारांच्या आसपास क्रमांक दिले गेले होते. २०२४ मध्ये ही संख्या ४० हजारांच्या घरात गेली. म्हणजे दिवसाला सरासरी शंभराहून अधिक नव्या त्रुटी. त्यात भर म्हणून संस्थेचे स्वतःचे तपासणी-सॉफ्टवेअर दर आठवड्याला काही हजार ओळींचा अहवाल काढते. एकच जुना घटक ४० यंत्रांवर असेल, तर तोच इशारा ४० वेळा छापला जातो. आपल्या सर्ट-इनची सूचनापत्रे वेगळी. ही सूचनापत्रे वर्तमानपत्रांत ‘अँड्रॉइड वापरणाऱ्यांना सरकारचा गंभीर इशारा’ अशा मथळ्यांनी झळकतात. वाचक दोन दिवस धास्तावतो आणि फोन अद्ययावत न करताच पुढच्या बातमीकडे वळतो, हा भाग निराळा.

या पुरासमोर संस्थांची क्षमता किती? त्रुटींच्या गैरवापराची शक्यता वर्तवणारी ‘ईपीएसएस’ ही पद्धत चालवणाऱ्या ‘फर्स्ट’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने मांडलेली दोन निरीक्षणे येथे महत्त्वाची आहेत. पहिले असे की, संस्था आपल्याकडील ज्ञात त्रुटींपैकी महिन्याला फक्त ५ ते २० टक्के दुरुस्त करू शकतात. दुसरे असे की, जाहीर झालेल्या त्रुटींपैकी अवघ्या २ ते ७ टक्के त्रुटींचा प्रत्यक्ष हल्ल्यांत वापर झाल्याचे आढळते. ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की धीर येतो. दुरुस्त करण्याची ताकद आणि दुरुस्त करणे अत्यावश्यक असलेले काम ही जवळपास सारख्याच मापाची आहेत. प्रश्न एवढाच उरतो की, ते २ ते ७ टक्के ओळखायचे कसे.

आजवरचे सोपे उत्तर ‘गुण पाहा’ हे होते. सीव्हीएसएस या मोजपट्टीवर प्रत्येक त्रुटीला शून्य ते दहा गुण मिळतात. नऊच्या वर गेलेली ‘अतिगंभीर’, सातच्या वरची ‘गंभीर’. बहुतेक कार्यालयांतील नियम याच आकड्यांवर बेतलेले असतात. परंतु मोजपट्टी तयार करणाऱ्यांनीच सांगून ठेवले आहे की, हे मूळ गुण त्रुटीची तीव्रता दाखवतात, तुमच्या संस्थेला असलेला धोका नव्हे. २०१४ च्या एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाच्या त्रुटीने जगभरातील सुरक्षित समजल्या जाणाऱ्या संकेतस्थळांची झोप उडवली, तेव्हा त्या काळच्या मोजपट्टीवर तिला १० पैकी अवघे ५ गुण मिळाले होते. याउलट ९.८ गुणांच्या कित्येक त्रुटींकडे हल्लेखोर ढुंकूनही पाहत नाहीत, कारण त्यांना त्यातून मिळण्यासारखे काही नसते. केवळ गुणांवर विसंबणारा अधिकारी महिनाभर राबतो आणि तरीही ज्या दारातून चोर येणार, ते उघडेच राहण्याची शक्यता शिल्लक राहते.

अमेरिकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये यावर एक व्यवहारी उपाय काढला. तेथील सायबर सुरक्षा यंत्रणा ‘सीसा’ हिने प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटींची सार्वजनिक यादी सुरू केली आणि नागरी केंद्रीय खात्यांनी त्या ठराविक मुदतीत दुरुस्त केल्याच पाहिजेत, असा आदेश काढला. यादी छोटी, मुदत स्पष्ट. ही कल्पना मला मनापासून पटते. तरीही तिची मर्यादा याच जेन्किन्स प्रकरणात दिसली: ती त्रुटी या यादीत आली १९ ऑगस्ट २०२४ रोजी. आपल्या ३०० बँका तोवर बंद पडून पुन्हा सुरूही झाल्या होत्या. कोणाचा तरी बळी गेल्यानंतरच नाव चढते, असा या यादीचा स्वभावच आहे. तिची वाट पाहत बसणारा त्या पहिल्या बळींपैकी एक असू शकतो.

म्हणून छाननीचे काम शेवटी संस्थेच्या आतच करावे लागते, आणि तेथे पहिला प्रश्न अगदी साधा असतो: हे आपल्याकडे आहे का? साधा असला, तरी याच प्रश्नावर भल्याभल्यांची दांडी उडालेली आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग४जे’ या घटकातील त्रुटी उघड झाली. तिला पूर्ण १० गुण होते, त्यामुळे ती गंभीर आहे की नाही यावर वाद नव्हता. वाद होता तो हा घटक कोठे कोठे दडला आहे, याचा. मूठभर स्वयंसेवकांनी सांभाळलेला हा छोटासा घटक हजारो उत्पादनांच्या पोटात शिरलेला होता. विकत घेणाऱ्याला तर ते माहीत नव्हतेच, पुष्कळदा विकणाऱ्यालाही नव्हते. अमेरिकेतील एका केंद्रीय खात्याने या एका त्रुटीपायी ३३ हजार मनुष्यतास खर्ची घातले, अशी नोंद तेथील सरकारी चौकशी मंडळाने जुलै २०२२ मध्ये केली. हा वेळ बहुतांशी शोधण्यात जातो. दुरुस्ती त्या मानाने लवकर होते. आपल्याकडे सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकसूचीविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती या अनुभवातूनच. औषधाच्या वेष्टनावर घटक छापलेले असतात, तसे प्रत्येक सॉफ्टवेअरसोबत त्यातील घटकांची यादी असावी, हा त्यामागचा विचार आहे. जिल्हा पातळीवरील एखादी बँक किंवा नगरपालिका सॉफ्टवेअर खरेदी करताना निविदेत ही अट घालते का, यावर त्या तत्त्वांचे यश ठरेल.

पुढचा प्रश्न असा की, ही त्रुटी आपल्याकडे असली, तरी बाहेरच्याला तिच्यापर्यंत पोहोचता येते का? कुलूप तुटलेली खोली वाड्याच्या चार दारांआड असेल, तर सुताराला उद्या बोलावले तरी चालते. पण आतली दारे असायला तर हवीत. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीतील एम्स रुग्णालयाची संगणक यंत्रणा कोलमडली. बाह्यरुग्ण नोंदणी, देयके, तपासणी अहवाल असे सारे जवळपास दोन आठवडे हाताने लिहिण्याची वेळ आली. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केल्याचे सरकारने संसदेत सांगितले आणि कारण दिले ते अंतर्गत जाळ्याची योग्य विभागणी नसल्याचे. अशा जागी छाननी करणाऱ्याचे काम जवळपास अशक्य होते. आत भिंतीच नसतील, तर कोपऱ्यातल्या एखाद्या जुन्या संगणकातील क्षुल्लक त्रुटीही शस्त्रक्रियेच्या वेळापत्रकापर्यंत पोहोचण्याची वाट ठरते, आणि मग यादीतील प्रत्येक ओळ सारखीच तातडीची होऊन बसते.

वेळेचे गणितही आता बदलले आहे. त्रुटी जाहीर होणे किंवा तिच्यावर उपाय निघणे आणि तिचा गैरवापर सुरू होणे यांत २०१८-१९ मध्ये सरासरी ६३ दिवस जात, असे मँडियंट या कंपनीचे विश्लेषण सांगते. २०२३ मध्ये हे अंतर ५ दिवसांवर आले. ‘महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सर्व यंत्रे अद्ययावत करू’ ही पद्धत एके काळी शिस्तीची मानली जात असे. काही त्रुटींच्या बाबतीत ती आज उघड निमंत्रण ठरते.

मग सगळे काही आल्या दिवशीच दुरुस्त करून का टाकू नये? त्याचेही उत्तर २०२४ च्या त्याच जुलै महिन्यात मिळाले होते. १९ जुलैला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते अपडेट म्हणजे त्रुटीवरची दुरुस्ती नव्हती, हे खरे. परंतु चाचणी न करता यंत्रात काही घातले की काय होऊ शकते, हे त्याने सर्वांना दाखवले. पगाराच्या दिवशी बँकेची मुख्य प्रणाली बंद करून दुरुस्ती करायची की चार दिवस धोका पत्करायचा, या निर्णयाला पुस्तकी उत्तर नसते. बँकेचा कारभार आणि हल्लेखोराची रीत, दोन्ही जाणणाऱ्या माणसालाच तो घेता येतो.

आणि असा निर्णय घेणाऱ्याचे आपण काय करतो? येथे एक्विफॅक्सचे उदाहरण बोलके आहे. अमेरिकेतील या पत-माहिती कंपनीला मार्च २०१७ मध्ये अपाचे स्ट्रट्समधील त्रुटीचा इशारा मिळाला. दुसऱ्याच दिवशी तो ४०० हून अधिक कर्मचाऱ्यांना ईमेलने पाठवण्यात आला आणि ४८ तासांत दुरुस्ती करण्याचे फर्मान निघाले. नंतर तपासणीही झाली. पण जी यंत्रणा धोक्यात होती, ती त्या तपासणीत सापडलीच नाही. मे महिन्यात चोर आत शिरले आणि १४ कोटींहून अधिक लोकांची माहिती गेली. त्या ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या माजी प्रमुखांनी अमेरिकी काँग्रेससमोर एका कर्मचाऱ्याच्या चुकीकडे बोट दाखवले. ४०० जणांना गेलेल्या पत्राची जबाबदारी शेवटी एका माणसाच्या माथी आली. भारतीय कार्यालयांत वावरलेल्या कोणालाही ही रीत परकी वाटणार नाही.

या भीतीचा परिणाम छाननीवर थेट होतो. लेखापरीक्षकाच्या अहवालात ‘अतिगंभीर त्रुटी प्रलंबित’ असा शेरा येऊ नये, म्हणून माहिती-तंत्रज्ञान विभाग आधी तेच आकडे खाली आणतो, जे अहवालात दिसतात. इंटरनेटशी संबंधच नसलेल्या यंत्रावरील ९.८ गुणांची त्रुटी पहिल्या आठवड्यात बंद होते आणि बाहेरून दिसणाऱ्या यंत्रावरील ७.५ गुणांची मागे राहते. नियमाप्रमाणे काम चोख झालेले असते. ‘ही त्रुटी आम्ही जाणूनबुजून पुढील महिन्यासाठी ठेवली, कारणे अशी’ असे टिपण फायलीवर लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण नसेल, तर तसे टिपण कोणी लिहिणार नाही. आणि टिपणच नसेल, तर आपण काय मागे ठेवले आहे, हे संस्थेलाही कळणार नाही. प्रशासकीय परंपरेत टिपणीला इतके महत्त्व देणाऱ्या देशाने नेमकी येथेच ती टाळावी, हे चमत्कारिक आहे.

धोरणाच्या पातळीवर काही हालचाल जरूर आहे. सर्ट-इनने जुलै २०२५ मध्ये सायबर लेखापरीक्षणासाठी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत त्रुटींची नोंद करताना तीव्रतेच्या गुणांबरोबर गैरवापराची शक्यताही, म्हणजे ईपीएसएसचा आकडाही विचारात घ्यावा, असे म्हटले आहे. ही दिशा योग्य आहे. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळवणे बंधनकारक केले होते; पण तो नियम घटना घडून गेल्यानंतरचा आहे. ज्ञात आणि वापरात आलेली त्रुटी देशातील सार्वजनिक संस्थांत सरासरी किती दिवस उघडी राहते, हा आकडा मात्र आपल्या सार्वजनिक चर्चेत कधी येत नाही. सर्ट-इनने हाताळलेल्या घटनांची संख्या २०२४ मध्ये २० लाखांच्या वर गेली, हे दरवर्षी संसदेत सांगितले जाते आणि त्याचे मथळेही होतात. त्याच्या शेजारी हा दुसरा आकडा हवा. अमेरिकेसारखी मुदतबंद यादी आपल्याकडे करायला कोणत्या नव्या कायद्याची गरज आहे, असेही मला वाटत नाही. शिवाय परक्यांच्या यादीवर किती भिस्त ठेवायची, याचा विचार एप्रिल २०२५ मध्ये झालेल्या गोंधळाने करायला लावला. सीव्हीई चालवण्याचे अमेरिकी सरकारचे कंत्राट संपायला एक दिवस उरला, तरी नूतनीकरण झालेले नव्हते. ऐनवेळी ११ महिन्यांची मुदतवाढ मिळाली. पुढच्याच महिन्यात युरोपीय संघाने स्वतःची त्रुटीसूची सुरू केली.

लहान संस्थांचा प्रश्न यादीने मात्र सुटणार नाही. मोठ्या खासगी बँकेकडे छाननीसाठी स्वतंत्र कक्ष असतो, चोवीस तास माणसे असतात. नागरी सहकारी बँकांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे आणि त्यांतल्या कित्येकींत छपाईयंत्र बिघडले तरी आणि सायबर इशारा आला तरी बोलावले जाते ते एकाच माणसाला. रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या अखेरीस या बँकांसाठी त्यांच्या डिजिटल व्याप्तीनुसार चार स्तरांची सुरक्षाचौकट घालून दिली, हे शहाणपणाचे होते. पण स्तर कोणताही असो, इशारे सर्वांना सारखेच येतात. नागरी सहकारी बँकांसाठी २ मार्च २०२४ रोजी ‘एनयूसीएफडीसी’ ही शिखर संस्था सुरू झाली आणि सामाईक तंत्रज्ञान पुरवणे हा तिचा एक घोषित हेतू आहे. तिने सामाईक छाननी कक्ष उभारावा आणि दररोज सकाळी प्रत्येक सदस्य बँकेला, तिच्याकडील यंत्रे लक्षात घेऊन, ‘आज एवढे तीन करा, बाकीचे थांबले तरी चालेल’ असे तिच्या भाषेत कळवावे. यासाठी लागणारा खर्च अशा एका दिवसाच्या बंदच्या नुकसानीपुढे फार मोठा नसेल. शिवाय हीच चौकशी बँकेला सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांपर्यंत आणि त्या कंपन्यांच्या सहयोगींपर्यंत गेली पाहिजे. जुलै २०२४ मध्ये दार उघडे होते ते तिसऱ्याच घरी.

यानंतर उरतो तो अधिकाराचा प्रश्न. सकाळी ११ वाजता, काउंटरसमोर रांग असताना, ‘दोन तास प्रणाली बंद ठेवा’ असे बँकेच्या संगणक अधिकाऱ्याने म्हटले, तर शाखा व्यवस्थापक ऐकेल का, आणि संचालक मंडळ दुसऱ्या दिवशी त्याला काय विचारेल? ३१ जुलैला नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे जोडणी तोडण्याचा अधिकार होता आणि तिने तो काही तासांत वापरला. त्याआधीच्या १८९ दिवसांत तेवढा अधिकार त्या सर्व्हरजवळ बसलेल्या कोणाकडे होता का, हे कोणत्याही चौकशी अहवालात वाचायला मिळालेले नाही.